जगाचा इतिहास: प्राचीन समाज आणि राज्यविचार, सोलापूरच्या विद्यार्थ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

बी.ए., एम.ए., सेट-नेट आणि एमपीएससी-यूपीएससीची तयारी करणारी मुलंमुली सोलापूर शहरातून, बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट, पंढरपुरातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतले निवडक इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पायाभूत आहेत, पुढचे अवघड. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे. उत्तरं पाठ करू नका, एवढी विनंती. प्रत्येक विधानाला दोन प्रश्न विचारत चला: हे कशावरून कळलं? आणि यात कोणाला मोजलं, कोणाला वगळलं? निम्मे गोंधळ तिथेच सुटतात.

1. इ.स.पू. आणि इ.स. यांतली वर्षं मोजताना दरवेळी चूक होते. हिशेब कसा करायचा?

इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1 येतं, मधे शून्य वर्ष नाही. म्हणून दोन्ही बाजूंची वर्षं मिळवायची आणि त्यातून एक वजा करायचं. रोमच्या पहिल्या सम्राटाला 'ऑगस्टस' ही पदवी इ.स.पू. 27 मध्ये मिळाली आणि तो इ.स. 14 मध्ये वारला, म्हणजे 27 + 14 − 1 = 40 वर्षं. इ.स.पू. सहावं शतक 600 ला सुरू होऊन 501 ला संपतं. त्यामुळे अथेन्समधल्या सोलोनच्या सुधारणांचं (प्रश्न 7) इ.स.पू. 594 हे वर्ष त्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. अनेक जण इथे 'शतकाच्या अखेरीस' लिहून गुण घालवतात.

लेखात शके दिलेला असेल तर 78 मिळवा. तिथी पौष-माघ-फाल्गुनातली असेल तर बहुधा 79. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक आहे. त्यावर शके 940 आहे, म्हणजे इ.स. 1018.

2. 'प्राचीन समाज' नेमका कुठून सुरू करायचा? शेतीपासून, शहरांपासून की राजापासून?

या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकापाठोपाठ याच क्रमाने आल्या असं नाही. गॉर्डन चाइल्ड यांनी 'नवाश्मयुगीन क्रांती' आणि 'नागरी क्रांती' अशी मांडणी केली आणि आपली बहुतेक क्रमिक पुस्तकं अजून तिच्यावरच उभी आहेत. मांडणी उपयोगी आहे, पण नंतरच्या उत्खननांनी तिला बरेच धक्के दिले.

पश्चिम आशियात शेतीची सुरुवात सुमारे 11 ते 12 हजार वर्षांपूर्वी झाली. चीनमध्ये यांगत्से खोऱ्यात भात, मध्य अमेरिकेत मका, असे धान्य पिकवण्याचे प्रयोग स्वतंत्रपणे झाले. आपल्या उपखंडात बलुचिस्तानातलं मेहरगड इ.स.पू. 7000 च्या आसपासचं मानलं जातं. आता अपवाद पाहा. तुर्कस्तानातल्या गोबेक्ली तेपे इथे इ.स.पू. 9500 च्या सुमारास माणसांनी प्रचंड कोरीव दगडी खांब उभे केले. ही माणसं शिकार करून आणि रानातलं धान्य गोळा करून जगत होती. म्हणजे शेती नव्हती, तरी शेकडो हातांची मेहनत एकत्र आली. त्याच देशातल्या चाताल ह्युयुकमध्ये हजारो माणसं दाटीवाटीने राहत होती, शेती करत होती, पण तिथे राजवाडा सापडत नाही. शेतीतून साठा, साठ्यातून राजा, राजातून शहर अशी सरळ रेघ ओढायची असेल तर या दोन जागांचं काय करायचं ते उत्तरात सांगावं लागेल.

3. टोळी, जमात, सरदारकी, राज्य हा क्रम पाठ केला आहे. तो बरोबर आहे ना?

हा क्रम एल्मन सर्व्हिस या मानववंशशास्त्रज्ञाने 1962 मध्ये मांडला. वर्गीकरण म्हणून तो वापरा, पण प्रत्येक समाजाने या पायऱ्या चढल्याच पाहिजेत असा नियम म्हणून नको.

यासाठी मी नेहमी भीमेच्याच खोऱ्यातलं उदाहरण देते. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. घोड पुढे भीमेला मिळते आणि तेच पाणी उजनीतून आपल्याकडे येतं. डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुढे बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. वस्ती सुमारे इ.स.पू. 1600 ते 700 या काळातली, ताम्रपाषाणयुगीन. बहुतेक घरं साधी, पण एक घर पाच खोल्यांचं आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार. इतर प्रौढ माणसांना पुरताना पायाचे पंजे तोडलेले दिसतात. मात्र एका प्रौढ पुरुषाला चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलं आहे आणि त्याचे पाय शाबूत आहेत. संशोधकांनी यावरून इथे सरदारकीच्या स्वरूपाची सत्ता असावी असा निष्कर्ष काढला. लेखी पुरावा एका अक्षराचा नाही. घर, कोठार आणि थडगं या तिघांच्या आधारावर समाजात वरखाली होतं हे ओळखलं. उत्तरात 'पुरातत्त्वीय पुराव्यावरून अनुमान' हे शब्द शोभेसाठी लिहू नका, असं प्रत्यक्ष अनुमान करून दाखवा.

याच वस्तीच्या शेवटच्या टप्प्यात चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या येतात आणि लोकांचं जगणं शेतीपेक्षा जनावरांवर अधिक अवलंबून झालेलं दिसतं. इ.स.पू. 700 च्या आसपास वस्ती उठली. समाज पायरी उतरतोही, हे इनामगाव ठळकपणे दाखवतं.

4. सिंधू संस्कृतीत राजा होता का? एका पुस्तकात 'पुरोहित राजा' म्हटलं आहे.

ते नाव पुतळ्यावर लिहिलेलं नाही, उत्खनन करणाऱ्यांच्या पिढीने दिलेलं आहे. मोहेंजोदडोचा तो पुतळा जेमतेम 17.5 सेंटिमीटर उंच आहे. माणूस पुरोहित होता की राजा, की दोन्ही नाही, हे ठरवायला साधन नाही.

उत्तर लिहिताना दोन्ही बाजूंचा पुरावा ठेवा. इ.स.पू. 2600 ते 1900 या प्रगत टप्प्यात वजनं दूरदूरच्या शहरांत एकाच पद्धतीची आहेत, विटांचं 1:2:4 हे प्रमाण सर्वत्र दिसतं, सांडपाण्याची गटारं आखीव आहेत. कोणीतरी नियम ठरवत होतं आणि ते पाळले जात होते. पण इजिप्तसारखी राजांची भव्य थडगी नाहीत, मेसोपोटेमियासारखे विजयाचे शिल्पपट नाहीत, निर्विवाद राजवाडा नाही. लिपी वाचता आलेली नाही. सत्ता व्यापाऱ्यांच्या हातात होती, पुरोहितांच्या की शहरोशहरीच्या मंडळांच्या, ही मतं मतं म्हणूनच लिहा. 'सिंधू संस्कृतीत लोकशाही होती' हे विधान तर कुठल्याच पुराव्यावर उभं राहत नाही.

5. जगातला पहिला लिखित कायदा हम्मुराबीचाच ना?

नाही. सुमेरमधल्या उर-नम्मूच्या नावाने ओळखली जाणारी संहिता इ.स.पू. 2100 च्या सुमाराची, म्हणजे हम्मुराबीच्या साडेतीनशे वर्षं आधीची आहे. गंमत म्हणजे त्या जुन्या संहितेत शारीरिक इजेसाठी चांदीचा दंड आहे आणि नंतरच्या हम्मुराबीकडे 'डोळ्याबद्दल डोळा' येतो. कायदा काळाबरोबर सौम्यच होत जातो ही समजूत इथे कोसळते.

हम्मुराबीचा काळ इ.स.पू. 1792 ते 1750. कायदे 282 मोजले जातात. काळ्या दगडाचा स्तंभ सव्वादोन मीटर उंच आहे आणि वर सूर्यदेव शमश याच्यासमोर उभा असलेला राजा कोरला आहे. हा स्तंभ बॅबिलोनमध्ये नाही, इराणमधल्या सुसा इथे 1901-02 मध्ये मिळाला, कारण इलामच्या राजाने तो लूट म्हणून नेला होता. आता तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

'डोळ्याबद्दल डोळा' हे वाक्य अर्धंच शिकवलं जातं. कुलीन माणसाने दुसऱ्या कुलीनाचा डोळा फोडला तरच त्याचा डोळा फोडायचा. सामान्य माणसाचा फोडला तर एक मिना (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी, गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मे पैसे, तेही मालकाला. गुन्हा एकच, किंमत तीन. हे लिहिल्याशिवाय हम्मुराबीवरचं उत्तर पुरं होत नाही. आणखी एक: त्या काळच्या खटल्यांच्या हजारो मातीच्या पाट्या मिळाल्या आहेत, पण निवाड्यात या संहितेचा आधार घेतल्याचं सहसा दिसत नाही. म्हणून अनेक अभ्यासक तिला न्यायी राजाची जाहीर घोषणा समजतात.

6. मग रोमच्या 'बारा पट्टिका' आणि हम्मुराबी यांत फरक काय? दोन्ही लिखित कायदेच.

कायदा कोणी लिहून घेतला, हा फरक. हम्मुराबीचा कायदा वरून आला. रोमचा खालच्यांच्या रेट्यातून. इ.स.पू. 494 मध्ये कर्जाने पिचलेले प्लेबियन, म्हणजे सामान्य नागरिक, शहर सोडून बाहेरच्या टेकडीवर जाऊन बसले. सैन्य त्यांच्यातूनच उभं राहत होतं, त्यामुळे पॅट्रिशियन घराण्यांना वाटाघाटी कराव्या लागल्या आणि प्लेबियनांना स्वतःचे प्रतिनिधी, ट्रिब्यून, मिळाले. सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावात या घटनेचा अर्थ फार फोड करून सांगावा लागत नाही. ज्याच्या हातात काम आहे त्याने हात आवरला की सत्तेला बोलणी करावी लागतात.

पुढे इ.स.पू. 451-450 मध्ये बारा पट्टिका आल्या. तोपर्यंत परंपरेचा अर्थ पॅट्रिशियन लोक लावतील तो खरा होता. लिहिल्यावर निदान तो सर्वांना दाखवता येऊ लागला. पण आशय फार उदार नव्हता. पॅट्रिशियन-प्लेबियन विवाहाला त्यातच बंदी होती आणि ती इ.स.पू. 445 मध्ये उठली. प्लेबियन सभेचे ठराव सर्वांवर बंधनकारक व्हायला इ.स.पू. 287 उजाडलं. दोन शतकांची चळवळ आहे ही, एका ओळीत संपवू नका.

7. अथेन्सच्या लोकशाहीत मत कोणाला होतं?

आईवडील दोघंही अथेन्सचे असलेल्या प्रौढ पुरुषाला. 'दोघंही' ही अट पेरिक्लीसच्या इ.स.पू. 451 च्या कायद्याने आली. स्त्रिया, गुलाम आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे परके, ज्यांना मेटिक म्हणत, यांना नाही.

टप्पे असे: सोलोनने इ.स.पू. 594 मध्ये कर्जापोटी माणूस गुलाम करण्याची पद्धत बंद केली. क्लेइस्थेनीसने इ.स.पू. 508-507 मध्ये जुन्या कुळांचा जोर मोडण्यासाठी नागरिकांची दहा नव्या गटांत विभागणी केली आणि 500 जणांचं मंडळ नेमलं. पाचव्या शतकात गरीब नागरिकाला ज्यूरीत बसण्यासाठी भत्ता मिळू लागला. हा भत्ता मला फार महत्त्वाचा वाटतो. दिवसाची मजुरी बुडणार असेल तर कागदावरचा हक्क वापरणार कोण?

परीक्षेत फसवणारा मुद्दा: अथेन्सची बहुतेक पदं निवडणुकीने नाही, चिठ्ठ्या टाकून भरली जात. निवडणूक दहा सेनापतींसारख्या थोड्या पदांसाठी होती. ॲरिस्टॉटल तर चिठ्ठीला लोकशाहीची आणि निवडणुकीला अल्पजनसत्तेची खूण मानतो, कारण मतं मागितली की नावाजलेलाच निवडून येतो. आज आपण नेमकं उलट समजतो.

8. स्पार्टाला राजेशाही लिहायचं की लोकशाही?

दोन्ही एकटं चुकीचं. तिथे एकाच वेळी दोन वंशपरंपरागत राजे, साठी ओलांडलेल्या 28 वृद्धांसह त्या दोन राजांची सभा, दरवर्षी निवडले जाणारे एफोर नावाचे पाच अधिकारी आणि नागरिकांची सभा होती. म्हणून प्राचीन लेखकांनी तिला मिश्र शासन म्हटलं. आणि या सगळ्यांचं पोट भरणारे हेलॉट, जमिनीला बांधलेले शेतकरी, संख्येने नागरिकांपेक्षा खूप अधिक असून कुठल्याच सभेत नव्हते.

9. प्लेटो एवढा मोठा विचारवंत, मग तो लोकशाहीच्या विरोधात का?

त्याच्या डोळ्यांसमोर इ.स.पू. 399 होतं. अथेन्सच्या लोकशाही न्यायालयाने त्याच्या गुरूला, सॉक्रेटिसला, मृत्युदंड दिला. राज्य चालवणं हे वैद्यकी किंवा नौकानयनासारखं जाणकाराचं काम आहे, गर्दीच्या कौलावर सोडायचं नाही, हे त्याचं मत तिथून घट्ट झालं. पण त्याच प्लेटोने पालकवर्गातल्या स्त्रियांनाही पुरुषांसारखंच शिक्षण आणि राज्याची जबाबदारी द्यावी असं लिहिलं, तेही प्रश्न 7 मधल्या अथेन्समध्ये बसून.

ॲरिस्टॉटल त्याचा विद्यार्थी, पण पद्धत वेगळी. त्याने आणि त्याच्या शिष्यांनी 158 राज्यघटनांची माहिती गोळा केली असं परंपरा सांगते. राज्य एकाचं, थोड्यांचं की अनेकांचं, आणि ते सर्वांच्या हितासाठी की स्वतःच्या, या दोन कसोट्यांवर त्याचे सहा प्रकार तयार होतात. तक्ता काढा, पण गुलामगिरी काही माणसांच्या बाबतीत निसर्गतः योग्य आहे असं तो म्हणतो, हे तक्त्याखाली लिहायला विसरू नका.

10. वैशालीचे लिच्छवी म्हणजे जगातली पहिली लोकशाही, असं भाषणात ऐकतो. उत्तरपत्रिकेत लिहू का?

'गणराज्य' किंवा 'गणसंघ' लिहा, 'पहिली लोकशाही' लिहू नका. अभिमानाने लिहावं असं यात पुष्कळ आहे, ते नीट लिहा.

इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आसपास 16 महाजनपदांत मगध, कोसल यांसारखी राजेशाही होती आणि वज्जी, मल्ल यांसारखे गणसंघही होते. वज्जी संघातले लिच्छवी सभागृहात एकत्र बसून निर्णय करत. एका जातककथेत वैशालीत 7,707 राजे असल्याचं येतं. आकडा कथेतला आहे, शब्दशः घेऊ नका, पण सत्ता एका माणसाकडे नव्हती, अनेक कुलप्रमुखांत वाटलेली होती, ही आठवण त्यात आहे. मात्र हे 'राजे' क्षत्रिय कुळांतले पुरुष होते. दास, कर्मकार, स्त्रिया बाहेर. मोजमाप अथेन्ससारखंच लावा, पक्षपात नको.

मगधाचा अजातशत्रू वज्जींवर चढाई करू पाहत होता. त्याचा मंत्री वस्सकार बुद्धाकडे आला, तेव्हा बुद्धाने सांगितलेल्या सात अटी महापरिनिब्बान सुत्त या बौद्ध ग्रंथात आहेत. वज्जी वारंवार सभा भरवतात तोवर, एकोप्याने जमतात आणि एकोप्याने उठतात तोवर, जुने ठराव मोडत नाहीत तोवर त्यांचा ऱ्हास होणार नाही, अशी ती मांडणी पुढे जाते. एखादी सामूहिक सत्ता कशावर टिकते याचा इतका नेमका विचार त्या काळात फार थोड्या ठिकाणी मिळतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत हाच धागा घेतला. भारतात गणराज्यं होती आणि बौद्ध भिक्खुसंघाला सभेच्या कामकाजाचे नियम, आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारं ठाऊक होतं, असं ते म्हणाले. हा भाग उद्धृत करताना त्यांचं पुढचं म्हणणंही घ्या: ही व्यवस्था भारताने एकदा गमावली, ती दुसऱ्यांदा गमावणार का? पहिलं वाक्य तोडून घेतलं तर त्यांचा इशाराच गळून पडतो.

11. हॉब्ज, लॉक, रूसो यांचा सामाजिक करार एकमेकांत मिसळतो. वेगळा कसा ठेवायचा?

तिघांना एकच प्रश्न विचारा: करारानंतर राज्यकर्ता चुकला तर काय?

हॉब्जने 1651 मध्ये लिहिलं, इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या पार्श्वभूमीवर. त्याच्या मते सत्ता नसेल तर प्रत्येकाचा प्रत्येकाशी झगडा. लोक आपसात करार करून सगळा अधिकार सार्वभौमाला देतात. सार्वभौम त्या कराराचा पक्षच नाही, म्हणून तो करार मोडू शकत नाही आणि बंडाला जागा नाही. फक्त स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क माणसाकडे उरतो.

लॉककडे निसर्गावस्थेतही जीवित, स्वातंत्र्य, मालमत्तेचे हक्क आहेत. सरकार म्हणजे विश्वासाने सोपवलेली जबाबदारी. विश्वासघात झाला तर लोक सरकार बदलू शकतात. एक अवघड मुद्दा: त्याचं पुस्तक 1689 मध्ये निनावी छापलं गेलं, म्हणून ते इंग्लंडमधल्या 1688 च्या क्रांतीचं समर्थन म्हणून लिहिलं असं आपण लिहितो. पण मजकुराचा बराचसा भाग क्रांतीच्या आधीच लिहिलेला होता. क्रांतीनंतर 'प्रसिद्ध झालं' असं लिहा.

रूसो, 1762. सार्वभौमत्व लोकांपासून वेगळं काढून कोणाला देताच येत नाही. कायदा समष्टीच्या इच्छेचा. चुकणारा राज्यकर्ता हा लोकांचा नोकर, त्याला काढता येतं. पण समष्टीच्या इच्छेशी न जमणाऱ्या एकट्या माणसाचं काय, ही अडचण रूसोकडे उरतेच.

12. असा करार आपल्याकडे आधीच मांडला होता, हे खरं का?

सत्ता लोकांच्या संमतीतून आली, ही कल्पना आपल्याकडे निश्चित आहे. दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या अग्गञ्ञ सुत्तात लोक शेतं वाटून घेतात, चोरी सुरू होते, मग ते एका योग्य माणसाला निवडतात आणि भाताचा वाटा देऊन व्यवस्था राखायला सांगतात. तो महासम्मत. यात देवाचा हात नाही, आणि हेच त्याचं वेगळेपण. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' या ग्रंथात (प्रश्न 14) मत्स्यन्यायाला, म्हणजे मोठ्या माशाने लहान मासा गिळण्याच्या अवस्थेला, कंटाळून लोक मनूला राजा करतात आणि धान्याचा सहावा, मालाचा दहावा भाग देतात. शांतिपर्वातही मत्स्यन्याय आहे, पण तिथे ब्रह्मदेव येतो.

तरी 'लॉकच्या आधी आमचा लॉक' असं लिहू नका. युरोपातली मांडणी व्यक्तीच्या हक्कांपासून निघते. आपल्याकडची कर्तव्य आणि रक्षणापासून. हॉब्जच्या निसर्गावस्थेशी मत्स्यन्यायाचं साम्य खरोखर जवळचं आहे, तेवढं ठामपणे सांगा.

13. चीनचा 'स्वर्गाचा आदेश' आणि युरोपातल्या राजाचा दैवी अधिकार एकच का?

उलट आहेत. इ.स.पू. 1046 च्या सुमारास झोऊंनी शांग घराणं उलथवलं आणि स्वर्गाने दुराचारी राजाकडून आदेश काढून घेतला असं समर्थन दिलं. म्हणजे आदेश सशर्त. मेन्शियस या चिनी विचारवंताला एका राजाने विचारलं, प्रजाजनाने राजाला मारणं योग्य का? तो म्हणाला, न्यायनीती तुडवणारा तो केवळ एक माणूस होता, एका माणसाला मारल्याचं मी ऐकलं आहे, राजाला मारल्याचं नाही. युरोपातला दैवी अधिकार मात्र राजा फक्त देवाला जबाबदार असं सांगत होता. तो दावा इंग्लंडने 1649 मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद करून मोडला.

14. 'कौटिल्य म्हणजे भारताचा मॅकियाव्हेली' असं लिहिलं तर चालतं का?

चालतं, पण फार थोडं सांगतं. मॅकियाव्हेलीने पद गेल्यावर 1513 मध्ये लिहिलं, छापलं गेलं त्याच्या मृत्यूनंतर 1532 मध्ये. तो राजपुत्राला सत्ता कशी मिळवायची आणि टिकवायची हे सांगतो, आणि दुसऱ्या एका ग्रंथात प्रजासत्ताकाची बाजूही घेतो. अर्थशास्त्र हे राज्ययंत्रणेचं तपशीलवार शास्त्र आहे: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड, मित्र ही सात अंगं, शिवाय वजनमापं, खाणी, सूत आणि विणकामावर देखरेख करणारा अधिकारीसुद्धा. विणकरांच्या गावातल्या विद्यार्थ्यांनी तो सूत्राध्यक्षाचा अध्याय जरूर वाचावा. एकट्या, निराधार स्त्रियांकडून सूत कातवून घेण्याचे नियम त्यात आहेत.

काळाबद्दल जपून. ग्रंथाची हस्तलिखित प्रत 1905 मध्ये म्हैसूरला आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि 1909 मध्ये ग्रंथ छापला गेला. परंपरा तो चंद्रगुप्त मौर्याच्या मंत्र्याचा मानते. अनेक अभ्यासक मात्र आजचं स्वरूप इ.स. पहिल्या ते तिसऱ्या शतकापर्यंत घडत गेलं असं मानतात. म्हणून त्यातला प्रत्येक नियम मौर्यांच्या राज्यात लागू होता असं लिहू नका.

15. अशोकाचा राज्यविचार शिकतो, पण सोलापूरच्या जवळ प्रत्यक्ष काही बघायला मिळतं का?

मिळतं, आणि भीमेच्याच काठी. कलबुर्गी जिल्ह्यात सन्नती आहे. चंद्रलांबा देवीमुळे आपल्याकडची अनेक घरं तिथे जातात. 1986 मध्ये त्या परिसरातल्या काली मंदिराचं छत कोसळलं आणि मूर्तीखालची शिळा अशोकाच्या लेखांची निघाली. जवळच्या कनगनहळ्ळीच्या स्तूपावर अशोकाचं नावासह शिल्प आहे.

आता परीक्षेला उपयोगी अपवाद. धौली आणि जौगड इथे, म्हणजे कलिंगात, अकराव्या ते तेराव्या लेखांऐवजी दोन 'स्वतंत्र लेख' आहेत, ज्यांत अधिकाऱ्यांना 'सर्व माणसं माझी लेकरं' असं सांगून न्यायाने वागायला बजावलं आहे. ते फक्त कलिंगातच आहेत हे जुनं विधान सन्नतीने खोटं ठरवलं, कारण तिथल्या शिळेवर बाराव्या आणि चौदाव्या लेखासोबत तेच स्वतंत्र लेख आहेत. बारावा लेख दुसऱ्यांच्या पंथाचा मान राखायला सांगतो.

वेळ असेल तर धाराशिव जिल्ह्यातलं तेरही बघा. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी वृत्तांतातलं तगर ते हेच, आणि तिथल्या संग्रहालयात त्या व्यापाराच्या काळातल्या वस्तू आहेत.

16. मॅडम, आधी सगळीकडे मातृसत्ता होती आणि नंतर पुरुषांनी ती घेतली, हे सिद्ध झालं आहे का?

नाही. बाखोफेनने 1861 मध्ये ही कल्पना मांडली आणि एंगेल्सने 1884 मध्ये ती खासगी मालमत्तेच्या उदयाशी जोडली. विचार म्हणून तो अभ्यासात हवाच. पण स्त्रीमूर्ती सापडल्या म्हणजे स्त्रियांचं राज्य होतं असं होत नाही. देवीची पूजा आणि बाईच्या हातातली सत्ता या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे तुळजापूरच्या वाटेवरच्या आपल्या माणसांना सांगायला नको. वंश आईकडून मोजणारे समाज होते आणि आहेत, केरळातले नायर हे प्रसिद्ध उदाहरण. तिथेही घराचा कारभार बहुधा मामाकडे असे.

17. फ्रान्सच्या 1789 च्या जाहीरनाम्यात 'सर्व माणसं समान' म्हटल्यावर स्त्रिया आणि गुलामांचं काय झालं?

जाहीरनामा 26 ऑगस्ट 1789 चा. ऑलिंप द गूज हिने 1791 मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला, 1793 मध्ये तिला गिलोटिनवर चढवलं. हैतीतल्या गुलामांनी 1791 मध्ये उठाव केला. फ्रान्सने 1794 मध्ये गुलामगिरी रद्द केली, नेपोलियनने 1802 मध्ये ती परत आणली, आणि 1 जानेवारी 1804 ला हैती स्वतंत्र झालं. समतेचा शब्द पॅरिसने लिहिला, त्याचा पूर्ण अर्थ हैतीतल्या मळ्यांतल्या माणसांनी वसूल केला, असं मी ठामपणे म्हणेन.

इथून महाराष्ट्राकडे सरळ वाट येते. जोतीराव फुल्यांवर टॉमस पेनच्या विचारांचा प्रभाव होता आणि 1873 ची 'गुलामगिरी' त्यांनी गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. उलट आंबेडकरांनी 1954 च्या आकाशवाणीवरच्या भाषणात स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतली नाही, बुद्धाकडून घेतली, असं सांगितलं. दोघांची उगमस्थानं एकाच वाक्यात कोंबू नका.

18. सोलापूरच्या 1930 च्या लष्करी कायद्यावर लिहिताना लॉक किंवा वेबरचा संदर्भ देऊ का?

द्या, पण प्रसंग आधी नीट मांडा. मे 1930 च्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली. गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, लोकांचा क्षोभ उसळला आणि काही दिवस शहरावर इंग्रजांचा ताबा उरला नाही. 12 मे रोजी लष्करी कायदा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला फाशी दिली गेली.

मॅक्स वेबरने 1919 च्या व्याख्यानात राज्याची ओळख सांगितली: ठरावीक प्रदेशात बळाच्या वापराचा एकमेव वैध हक्क यशस्वीपणे सांगणारी यंत्रणा. त्या काही दिवसांत सोलापुरात हा दावा मोडला होता आणि लष्करी कायदा हा तो बंदुकीने परत मिळवण्याचा मार्ग होता. मिळालं ते बळ. वैधता मिळाली नाही, आणि वेबरच्या व्याख्येत दोन्ही लागतात. लॉकचा संदर्भ दुसऱ्या बाजूने येतो: ज्या सरकारला इथल्या लोकांनी कधी संमतीच दिली नव्हती, तिथे विश्वासघाताचा मुद्दा कसा लावायचा? परक्या सत्तेपुढे करारवाद अपुरा पडतो, हे तुमच्या उत्तराचं सर्वांत चांगलं वाक्य होऊ शकेल. फक्त त्या दिवसांत रस्त्यावर उतरलेल्या कामगारांनी लॉक वाचून लढा दिला असं सूचित करू नका. विश्लेषणाची चौकट आपली, त्यांची कारणं त्यांची: पगार, अटकसत्र, गोळीबार आणि स्वराज्याची मागणी.

हा प्रश्न दहा गुणांना आला तर प्रसंगाला निम्मी जागा, सिद्धांताला निम्मी. हक्कांच्या मर्यादांसाठी प्रश्न 17 आणि करारवादासाठी प्रश्न 11 जोडून वाचा.